कोरड्या मण्यांची सही

आमच्या स्वयंपाकघरात एक लोखंडी कढई होती. तिच्यात कधी अन्न शिजलं नाही. कुणी पाहुणी बाई मदतीला आली आणि चुकून तिच्यात फोडणी करून बसली तर पंचाईत, म्हणून मी तिच्या कानाला लाल सुतळी बांधून ठेवली होती. त्या कढईत मी मणी भाजत असे. साबुदाण्याएवढे, काचेसारखे मणी. ओल प्यायले की ते गुलाबी होत आणि मंद आचेवर हलवत राहिलं की तास-दीड तासाने पुन्हा निळे होत. पुरते भाजले गेले की गोकर्णाच्या फुलाचा रंग येई.

मणी यांच्या कॉम्प्रेसरचे. हे, म्हणजे माझे यजमान रंगनाथ, ओझरच्या विमान कारखान्यात तेहतीस वर्षं फिटर होते. विमानाच्या चाकांच्या दांड्यांत दाबाने वायू भरतात, त्या खात्यात. अठ्ठ्याण्णव साली निवृत्त झाले आणि तीन वर्षं नुसते घरात फिरत राहिले. नळ गळत नसला तरी उघडून बघायचे. मग नाशिकच्या एका नेमबाजी क्लबने मुंबईहून एक जुना कॉम्प्रेसर आणला, पाणबुड्यांच्या टाक्यांत हवा भरायचा, आणि तो बंद पडलेला निघाला. कुणीतरी यांचं नाव सांगितलं.

एअरगन म्हटलं की मला कालिकेच्या यात्रेतली फुगे फोडायची बंदूक आठवायची. ही तशी नव्हती. हिच्या नळीखाली एक छोटं नळकांडं असतं, त्यात हवा भरून ठेवायची आणि प्रत्येक गोळीला त्यातली चिमूटभर सुटते. मोटारीच्या चाकात दोन-अडीच बार दाब असतो, इथे दोनशे. हातपंपाने भरताना मुलांचे खांदे भरून येत. म्हणून कॉम्प्रेसर.

दोन माणसांनी दोन कड्यांना धरून उचलावं एवढंच ते यंत्र. एका बाजूला पेट्रोलचं इंजिन, दुसरीकडे तीन सिलिंडर, एकापेक्षा एक लहान. हे मला सांगत, तीन भाऊ आहेत, थोरला हवा दाबून मधल्याला देतो, मधला धाकट्याला, आणि सगळ्यात जास्त भार धाकट्यावर. यांनी जुनं धोतर अंगणात पसरलं आणि सगळं यंत्र त्यावर सुटं करून मांडलं. रिंगा झिजलेल्या, झडपांच्या पट्ट्या गंजलेल्या. सातपूरच्या एका लेथवाल्याकडे खेपा घालून यांनी पट्ट्या करवून घेतल्या आणि दोन महिन्यांत यंत्र सुरू केलं. क्लबने ते आमच्याच अंगणात राहू दिलं, मुलं इथेच येऊन हवा भरून नेत. शेजारच्या झुंबरबाई कुंपणावरून म्हणाल्या, "जन्मभर विमानं उडवली, आता फुगे फोडायला हवा भरा." हे हसले. कितीतरी दिवसांनी हसले होते.

मग मालेगाव, धुळे, नगरहून लोक आपापले पंप आणि कॉम्प्रेसर घेऊन येऊ लागले. हे प्रत्येकाला तेच सांगत. हवा ओढायची नळी इंजिनाच्या धुरापासून लांब, वाऱ्याच्या तोंडाला ठेवा. दाबाच्या बाजूला साधं तेल लावू नका, भडका उडेल. आणि हवा दाबली की तिच्यातलं पाणी सुटतं, ते दर दहा मिनिटांनी खालची चावी उघडून काढून टाका. त्यातूनही जी ओल राहते ती शेवटी मणी पितात. ओली हवा बंदुकीत गेली तर सुटताना गार पडते, आतली बारीक झडप अडखळते, गोळी खाली पडते.

परदेशातून मण्यांनी भरून येणारी हवेची गाळणी महाग, म्हणून यांनी गाळणीचं नळकांडं घरीच मण्यांनी भरायची रीत बसवली आणि मणी भाजायचं काम माझ्याकडे आलं. मला ते आवडायचं. रवा भाजावा तसं, पण घाई केली की मणी तडकून काळे पडणार आणि आच कमी पडली की आतून ओले राहणार.

कारखान्याची एक सवय यांनी घरी आणली होती. यंत्राची वही. यंत्र किती मिनिटं चाललं, पाणी किती वेळा काढलं, तेल कुठवर होतं. प्रत्येक कामापुढे दोन सह्या, एक करणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. "मणी कोरडे" असा एक रकाना होता, तिथे करणाऱ्याची सही माझी. पहिल्या वेळी मी म्हटलं, माझी कशाला, तुम्हीच करा. तेव्हा यांनी सांगितलं की कारखान्यात ज्याने काम केलं त्यानेच सही करायची, कारण त्या सहीवर माणूस विमानात बसतो. रेशनकार्ड आणि बँक सोडली तर माझ्या सहीची तोवर कुणाला गरज पडली नव्हती. मी ती सावकाश, पूर्ण नावानिशी करायची.

तपासणाऱ्याची सही यांची. पण यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता आणि डावाही धूसर झालेला. ऑपरेशन पुढे ढकलत होते. निळा आणि गुलाबी यांना सारखेच मळकट जांभळे दिसत. म्हणून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून विचारायचे, "निळं झालं का?" मी म्हणायची, "झालं." की हे सही करायचे. यांची तपासणी म्हणजे माझा शब्द.

आता आमच्या प्रतिभाचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. प्रतिभा आमची एकुलती एक. लहानपणापासून यांच्या शेजारी बसून पाने ओळखायची, दहाचा, बाराचा, चौदाचा. शहाण्णव साली दहावी झाली आणि म्हणाली, मला आयटीआयला फिटर व्हायचंय. यांनी वर मानही केली नाही. पुरुषांच्या खात्यात मुलीची जात, असं काहीतरी बोलले आणि तिला कॉमर्सला घातलं. ती दोन दिवस जेवली नाही. मग जेवली. पुन्हा कधी तिने तो विषय काढला नाही आणि पान्यालाही हात लावला नाही. मी तेव्हा तिच्या बाजूने एक शब्द बोलले नव्हते.

आणि दोन हजार दोन साली वैष्णवी आली. मखमलाबादच्या कोंडाजींची मुलगी, चौदा वर्षांची. कोंडाजी फुलं आणि भाजीपाला करायचे, पोरीला नेमबाजीचं वेड शाळेतून लागलेलं. ती हवा भरून घ्यायला यायची आणि तिथेच रेंगाळायची. महिन्याभरात यांनी तिच्या हातात पाना दिला. झडप कशी उघडायची, रबराची ओ-रिंग नखाने न काढता कशी काढायची, सगळं शिकवलं. एकदा मी चहा घेऊन गेले तर हे कुणाला तरी सांगत होते, "हिचे हात फिटरचे आहेत." मी कप ठेवले आणि आत येऊन ओट्याला टेकून उभी राहिले.

पोरीचा मी राग केला नाही. ती माझ्यासाठी मळ्यातून गुलछडी आणायची, मला काकू म्हणायची. पण ती अंगणात पाना फिरवत असली की मला प्रतिभाचे ते दोन उपाशी दिवस आठवत.

दोन हजार चारच्या मे महिन्यात प्रतिभाचं लग्न झालं, सायखेड्याला दिली. पुढची संक्रांत तिची पहिली. पहिल्या संक्रांतीला लेकीला काळी साडी आणि हलव्याचे दागिने. आता बाजारात तयार मिळतात, तेव्हाही मिळायचे. पण माझ्या आईने माझ्यासाठी स्वतः केले होते. मीही ठरवलं, एकच लेक आहे, दागिने घरच्या हलव्याचे.

हलवा करणं म्हणजे शेगडीवर परात, मंद निखारे, त्यात तीळ, आणि साखरेचा पाक चमचा-चमचा सोडत बोटांनी हलवत राहायचं. थंडी हवी, सकाळ हवी. आठ-दहा दिवसांनी त्या दाण्याला काटा फुटतो. काटा धरत असताना हात थांबला की दाणे एकमेकांना चिकटतात, काटा मोडतो, सगळी मेहनत जाते.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी वैष्णवीची पुण्याला राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती. कोंडाजींनी सांगून टाकलं होतं की हे शेवटचं वर्ष. निवड झाली तर खेळ, नाहीतर बंदूक क्लबला परत आणि बारावीचं बघायचं. पुण्यात बंदुकीत भरायच्या हवेचं सिलिंडर आमच्याकडे भरून ठेवायचं होतं आणि शुक्रवारी सकाळी अकराला कोंडाजी ते न्यायला येणार होते.

त्या शुक्रवारी हलव्याचा नववा दिवस होता. हारासाठीचे मोठे दाणे परातीत होते आणि काटा नुकता धरू लागला होता. गॅसवर कढईत मणी. दोन्हीला मंद आच हवी, दोन्हीला सतत हात हवा, आणि हात दोनच. मी उजव्या हाताने परात हलवत होते आणि मध्येच डाव्याने कढईत उलथनं फिरवत होते. पाऊण तास झाला होता. मण्यांचा गुलाबी गेला होता, पण निळा आला नव्हता. जांभळासारखा रंग होता. मला नीट दिसत होतं. अजून अर्धा तास, तोही परात सोडून दोन्ही हातांनी.

हे दारात आले. "निळं झालं का?"

घाई होती, हे खरं आहे. पाक हातात होता, हेही खरं. पण त्या क्षणी माझ्या मनात आणखी एक विचार येऊन गेला, तो मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. एक दिवस या पोरीचं अडलं तर काय मोठं, माझ्या पोरीचं तर कायमचं अडलं.

मी म्हटलं, "झालं."

यांनी वही पुढे केली. बोटं पाकाने चिकट होती, तशीच सही केली. पानावर साखरेचा ठसा उठला. यांनी खाली आपली सही केली आणि कढई फडक्याने धरून घेऊन गेले.

अंगणात इंजिन सुरू झालं. कोंडाजी आले. हे यंत्राजवळून हलत नव्हते, पण कोंडाजींनी आग्रह केला म्हणून ओसरीवर येऊन चहा घेतला. चार घोट घेतले असतील. मग एकदम घड्याळाकडे बघून उठले आणि जाऊन चावी उघडून पाणी काढलं. दहा मिनिटांच्या जागी पंधरा झाली होती. मी खिडकीतून बघितलं. तेव्हा त्याचं मला काही वाटलं नाही.

रविवारी संध्याकाळी पुण्याहून फोन आला. चाळीस गोळ्यांचा सामना. पहिल्या वीस सुरेख गेल्या होत्या. मग गोळ्या खाली पडू लागल्या, एक मध्ये, एक खाली, पुन्हा दोन मध्ये. वैष्णवीला कळेना की हात चुकतोय की बंदूक. तीन गुणांनी निवड हुकली.

सोमवारी ती आणि कोंडाजी बंदूक घेऊन आले. यांनी आतली झडप उघडली आणि पांढऱ्या फडक्यावर ठेवली. फडक्याला तपकिरी ओला डाग पडला. यांनी फडकं डाव्या डोळ्याजवळ धरलं, मग वैष्णवीला विचारलं, "पाणी आहे का गं?" तिने मान हलवली, मग यांना दिसलं नसेल असं वाटून तोंडाने हो म्हणाली.

यांनी वही मागितली. मीच आणून दिली. वैष्णवीकडून यांनी शुक्रवारची ओळ वाचून घेतली. तेल बरोबर. पाणी काढलं, एकदा पंधरा मिनिटांनी. मणी कोरडे, काकूंची सही.

"मणी नाहीत मग. हिची सही आहे," हे म्हणाले. "चूक चावीची आहे. माझी आहे."

आणि त्या ओळीखाली स्वतःच्या हाताने लिहिलं, वाकड्या अक्षरांत, रेघ सोडून: पाणी वेळेवर काढले नाही, त्यामुळे हवा ओली, चूक रंगनाथ. खाली सही. मग कोंडाजींसमोर हात जोडले. पासष्ट वर्षांच्या माणसाने. म्हणाले, माझ्यामुळे पोरीचं वर्ष गेलं.

कोंडाजी गडबडून उठले. "दादा, असं काय करता. चहाला तर मीच बसवलं ना तुम्हाला. तिच्या नशिबात नव्हतं, त्याला कोन काय करनार."

मी दारात उभी होते. मणी पुरते कोरडे असते तर पाच मिनिटांच्या उशिराने काही बिघडलं नसतं, एवढं मला या तीन वर्षांत कळायला लागलं होतं. यांनाही कळत होतं. पण माझ्या सहीपाशी आल्यावर यांनी पुढे शोधलंच नाही.

शुक्रवारी संक्रांत. मी एकटी सायखेड्याला गेले. प्रतिभा काळ्या साडीत, अंगावर हार, बांगड्या, बाजूबंद, बिंदी. आल्या-गेल्या बायका हाराला हात लावून बघत होत्या. प्रतिभाची सासू म्हणाली, "विहीणबाई, काटा काय फुटलाय हो." प्रतिभाने विचारलं, बाबा का नाही आले. मी सांगितलं, बरं नाही. ती माझ्याकडे बघून तीळगूळ वाटायला गेली. ज्या लेकीसाठी मी हे केलं असं स्वतःला सांगत होते, तिला ते काही ठाऊक नव्हतं आणि तिने ते मागितलंही नव्हतं.

यांनी काम सोडलं. धुळ्याहून एक माणूस यंत्र घेऊन आला, त्याला अंगणातूनच परत पाठवलं. माझ्या भरवशावर राहू नका म्हणाले. कॉम्प्रेसरवर गोणपाट टाकलं. वैष्णवीने बंदूक क्लबला परत केली, बारावीला बसली. अधूनमधून यायची, यांच्याजवळ बसायची. यंत्राचा विषय दोघंही काढत नसत.

मार्चमध्ये यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर चार दिवसांनी हे फळीवरची मण्यांची बरणी घेऊन अंगणात गेले. त्यात मी नंतर पुरते भाजून ठेवलेले मणी होते. बरणी उन्हात धरून हे कितीतरी वेळ बघत राहिले.

"एवढा निळा असतो होय," म्हणाले. "मला वाटायचं, जांभळट असतो."

मी मागेच उभी होते. तेव्हा सांगायला हवं होतं. बोलायला तोंड उघडलंही. म्हटलं, "चहा ठेवते."

त्यानंतर साडेतीन वर्षं हे होते. रोज दोन वेळा जेवायला समोर बसत. साडेतीन वर्षांत मला एक दिवस सापडला नाही.

दोन हजार आठच्या दिवाळीनंतर हे गेले. पुढच्या फेब्रुवारीत वैष्णवी आली. एका शाळेत मुलांना नेमबाजी शिकवत होती. जुना क्लब मोडला होता, त्यांचा कॉम्प्रेसर आमच्याच अंगणात पडून होता, तो शाळेसाठी न्यायला मिळाला तर हवा होता. मी म्हटलं, ने. तिने गोणपाट काढलं, यंत्राभोवती एक फेरी मारली, हात न लावता. मग म्हणाली, "काकू, काकांची वहीपण द्याल? तिच्याशिवाय मला जमणार नाही." मी तिला उद्या ये म्हणून सांगितलं.

ती गेल्यावर वही काढली. त्या शुक्रवारचं पान पुढच्या पानाला चिकटलं होतं. साखरेने. ओल्या फडक्याने हळूहळू सोडवलं. माझी सही फिकट झाली होती, पण वाचता येत होती. यांचा नियम होता, वहीत खोडरबर चालत नाही. चुकलेल्या मजकुरावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी खरं लिहायचं, तारीख घालायची, सही करायची. मी यांच्या ओळीवर पट्टी धरून एक रेघ मारली. शेजारी लिहिलं: मणी कोरडे नव्हते. मला दिसत होते. विचारल्यावर झालं म्हटलं. यांची चूक नाही. तारीख घातली आणि पूर्ण नावाची सही केली. तपासणाऱ्याचा रकाना रिकामा राहिला.

दुसऱ्या दिवशी मी वही त्या पानावर उघडूनच तिच्या हातात दिली. तिने उभ्यानेच वाचलं. पुन्हा वाचलं. अंगणाबाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

"काका असताना का नाही लिहिलंत?" तिने विचारलं. आवाज चढवला नाही.

मी घाई, हलवा, प्रतिभा, सगळं सांगणार होते. रात्रीतून जुळवून ठेवलं होतं. पण एवढंच म्हटलं, "धीर झाला नाही. आणि तुझं वर्ष गेलं ते माझ्यामुळे. त्या वेळी मला त्याचं वाईटही वाटलं नव्हतं, तेही खरं आहे."

पेन माझ्या हातात होतं, ते मी पुढे केलं आणि रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. तिने पेन घेतलं नाही.

"तपासल्याशिवाय सही करायची नसते, काकू. काकांनीच शिकवलंय."

वही तिने पिशवीत घातली. टेम्पोवाल्याबरोबर एका कडीला धरून यंत्र उचललं, टेम्पोत नीट बसवलं, खाली गोणपाट सरकवलं. मग परत आत आली. मला वाटलं काही बोलेल. तिने फळीवरची मण्यांची बरणी घेतली आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबली.

"कढईपण नेते," म्हणाली. "आता मीच भाजेन."

मी खुंटीवरून कढई काढून दिली. सुतळी तशीच होती. तिला सांगणार होते की निळा दिसल्यावरही पाच मिनिटं हलवत राहायचं, आच बंद करून. पण मी सांगितलेलं तिने का मानावं, असं वाटलं.

वैष्णवी अजून येते. दिवाळीला, संक्रांतीला. गुलछडी आणते. शाळेच्या मुलांचं सांगते, यंत्र नीट चालतंय म्हणते. त्या रकान्यात तिने सही केली की नाही, हे मी विचारलेलं नाही, आणि ती आपणहून बोललेली नाही.